खुराड्याला ऊन

"आपल्याला फसवलंय, बाबा. कोणी ते अजून सांगता येत नाही. पण फसवलंय, हे नक्की."

जमालशा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसून कांदा चिरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कशावरून?"

"खुराडं फार स्वच्छ आहे."

सुरी थांबली.

हेरंब एक पायरी वर चढला. "जुनं, वापरलेलं खुराडं. पाच वर्षं त्यात कोंबड्या बसल्या म्हणतात. आणि आत एक पीस नाही, शिटेचा एक डाग नाही! फळ्यांच्या कडा तर जाळून काढल्यात. इतकी मेहनत कोण कशासाठी घेईल? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय?"

"उवा राहतात फटींत. त्यासाठी भाजून घेतलं असेल."

"तुम्ही फार भोळे आहात, बाबा."

बाबांनी पुन्हा कांदा हातात घेतला. "आठ दिवस दार उघडं टाक. ऊन दाखव त्याला. पुढच्या शुक्रवारी कोंडाबाई तलंगा घेऊन येणार आहे."

टेकडीवरच्या या दर्ग्याला लागून बाबांचा तकिया होता. तकिया म्हणजे दोन खोल्या, एक चिंच आणि एक हौद. तिथे एक रिवाज वर्षानुवर्षं चालत आलेला. खालच्या वाड्यांत कोणी बाळंत झाली की तिच्या घरी महिनाभर रोज एक अंडं जायचं. जात विचारायची नाही, मुलगा की मुलगी तेही विचारायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मानमोडी आली. माना वाकड्या करून कोंबड्या गोल गोल फिरल्या आणि पडल्या. दोन दिवसांत अकरा. बाबांनी त्या खोल पुरल्या, जुनं खुराडं जाळलं, आणि रिवाज तुटला.

हेरंब समाजकार्याची पदवी घेऊन, बाबांकडे सेवा शिकायची म्हणून इथे आला, तेव्हा खुराड्याच्या जागी नुसत्या चार विटा होत्या. तो आल्यानंतर आठवड्याभरातच तुळसाची आई वाटी घेऊन टेकडी चढून आली. तुळसा बाळंत झाली होती. अंगावर दूध येत नव्हतं. बाबा म्हणाले, "कोंबड्या नाहीत, माय." म्हातारीने वाटी पदराला पुसली, जणू ती भरलीच होती, आणि टेकडी उतरून गेली.

ती पुसलेली वाटी हेरंबच्या डोळ्यांसमोरून हलेना. कोंबड्या आणायच्या, आणि या खेपेला एकही मरू द्यायची नाही, असं त्याने मनाशी घेतलं. त्यानेच धावपळ करून ओढ्यापलीकडच्या वाडीतून सोपान लोहाराचं खुराडं मिळवलं. सागवानी, पत्र्याच्या छपराचं, माणूस वाकून आत शिरेल एवढं. भोवती जाळीचं आवार बांधलं. खालच्या वाडीत कोंबड्या पाळणारी कोंडाबाई आठ तलंगा द्यायला कबूल झाली. अंड्यावर येऊ घातलेल्या, तिने स्वतः वाढवलेल्या. तिची अट एकच. आधी घर बघणार, मग कोंबड्या उतरवणार.

आणि आता हा संशय.

हेरंबने खुराडं उघडं टाकलं नाही. त्याने दार लावलं आणि वर सुतळी बांधली. पुराव्याला कोणी ऊन दाखवतं का?

मग तो ओढा ओलांडून गेला.

"खुराडं का काढलंत?" त्याने सोपानला विचारलं.

सोपान विळ्याला धार लावत होता. "जागा अडत होती."

दुसऱ्या दिवशी हेरंब पुन्हा गेला. "खरं कारण सांगा."

"मंडळी लेकीकडं गेली. कोंबड्यांचं बघणार कोण?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"मुंगूस फार झालेत," सोपान म्हणाला.

"तीन दिवसांत तीन उत्तरं!"

"तीनदा विचारलंत म्हणून. चौथ्यांदा याल तर चौथंबी देतो." सोपानने विळा उन्हात धरून पाहिला. "सर, नाव काय म्हणालात तुमचं?"

"हेरंब."

"नुसतं 'हेर' ठेवलं असतं तरी भागलं असतं की."

शेजारच्या ओट्यावर कोणीतरी फस्सकन हसलं. हेरंबच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण हसण्यावारी नेणारी माणसंच काहीतरी लपवत असतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी तो परत आला तेव्हा आवाराच्या दाराशी, बरोबर वाटेत, एक घमेलं ठेवलेलं होतं. काठोकाठ चुन्याचं पाणी. बाबांनी वहाणा बाहेर काढल्या, दोन्ही पाय घमेल्यात बुडवले, आणि तसेच पांढऱ्या पायांनी आत जाऊन जाळीची सैल झालेली तार आवळली.

"हे काय, बाबा?"

"पाय धुतो."

"पाय तर स्वच्छच आहेत तुमचे."

"दिसतात…" बाबा बाहेर आले. "तूही बुडव."

हेरंबला वाटलं, हे आज ना उद्या होणारच होतं. त्याने आवाज शक्य तितका नम्र ठेवला.

"बाबा, मी मजारीवर चादर चढवणार नाही, गंडा बांधणार नाही, हे पहिल्याच दिवशी बोललो होतो. तुम्हीही हो म्हणालात. हे पाय बुडवून शिरणं वगैरे… मी असलं काही मानत नाही."

बाबांनी घमेल्याकडे बोट दाखवलं.

"मानू नकोस," ते म्हणाले. "बुडव."

हेरंब हसला. घमेल्यावरून लांब टांग टाकून तो आत गेला, आणि सुतळीची गाठ कोणी सोडली तर नाही ना, ते वाकून पाहू लागला.

बाबांनी वहाणा उचलल्या आणि हातात धरूनच खोलीकडे गेले. त्यांच्या मागे चुन्याची पावलं उमटत गेली.

हेरंब रोज ओढा ओलांडत राहिला, आणि शुक्रवारी सकाळी त्याला हवं होतं ते सापडलं.

सोपानच्या आळीत, त्याच्या घराला लागून, चार घरी मानमोडी होती. चार! एका परसात कोंबडी मान पाठीवर टाकून गरगरत होती. दुसऱ्या घरी दोन मरून पडल्या होत्या. हेरंब थेट परसात शिरला. मेलेली कोंबडी पायांना धरून उचलली, मान हलवून पाहिली, चोचीतून गळणारं पाणी पाहिलं. सरकारी दवाखान्यातलं पत्रक त्याला तोंडपाठ होतं. रोग माणसांच्या पायांवरून जातो, टोपल्यांवरून जातो, भांड्यांवरून जातो.

त्याने वही काढली.

"तुमच्या परसातून सोपानच्या घरी कोण कोण गेलं? आठवून सांगा. कोण कोण आलं?"

घरातली बाई चुलीपुढून उठून आली. "आम्ही कुठं जातो, सर? आठ दिवस झाले, तुम्हीच येताय रोज."

"विषय बदलू नका. नावं सांगा."

तिने नावं सांगितली. त्याने ती लिहून घेतली आणि जवळजवळ धावतच टेकडी गाठली. कोंडाबाई यायच्या आत सुतळी जागेवर आहे की नाही, ते पाहायचं होतं. घमेल्यावरून त्याने टांग टाकली. सुतळी जागेवर होती. दार उघडून, आत शिरून, त्याने फळ्यांवरून हात फिरवून शेवटची खात्री करून घेतली. स्वच्छ. नको इतकं स्वच्छ.

तो बाहेर आला तेव्हा कोंडाबाई चिंचेखाली पोचली होती.

डोक्यावरचं डालगं तिने उतरवलं ते आवारापासून चांगलं वीस पावलं लांब. आत आठ तलंगा कुरकुरत होत्या. तांबड्या, काळ्या, एक पांढरी. तिने वर ओलं फडकं टाकलं, पाय घमेल्यात बुडवले आणि एकटीच खुराड्याजवळ गेली. बोटाने एक फट खरवडली. बोट नाकाशी नेलं.

"फळ्या कुणी भाजल्या?"

"सोपान लोहाराने," बाबा म्हणाले.

"शहाणा माणूस आहे. मला बी असंच घर पायजे होतं पोरींसाठी." ती डालग्याकडे वळली.

"थांबा, बाई!" हेरंब आडवा आला. "उतरवू नका. हे खुराडं रोगाचं आहे."

कोंडाबाई थांबली. बाबांकडे पाहिलं. बाबा चिंचेच्या मुळावर बसले होते.

"कशावरून म्हणता, सर?"

हेरंबने वही उघडली. गेल्या आठ दिवसांचं सगळं त्याने एका दमात सांगितलं. तीन दिवसांची तीन उत्तरं. जाळलेल्या कडा. चार घरची मानमोडी. शिवाय, नुसतं ऐकीव नाही…

"मी स्वतः गेलो. मेलेली कोंबडी हातात घेऊन पाहिली."

"कधी?"

"आत्ता. तिथूनच येतोय."

"हां." कोंडाबाईने फडक्यावर हात ठेवला. आतली कुरकुर थांबली. "आणि सोपानच्या घरी? त्याची मेली का एखादी?"

हेरंबने पान उलटलं. मागचं पान पाहिलं.

"नाही… त्याने कोंबड्या आधीच लेकीकडे पाठवल्या. तिथे त्या जिवंत आहेत, असं तो म्हणतो."

"त्या चार घरी कोण कोण गेलं होतं, ते लिवलंय ना? वाचा बरं."

हेरंबने वाचलं. दूधवाला. दोन सोयरे. एक पिंजारी, पण तो ओसरीवरूनच परत गेलेला.

"ह्यातलं हितं कोण आलं?"

"इथे? कोणीच नाही."

"आणखी कोण गेलं होतं त्या घरी?"

"आणखी कोणी ना…"

चिंचेखाली वारा नव्हता. हेरंबने खाली पाहिलं. त्याच्या चपलेच्या पट्ट्यात एक बारीक करडं पीस अडकलं होतं. त्याने वळून आवाराकडे पाहिलं. दारापासून खुराड्यापर्यंत, मऊ मातीत, त्याच्याच चपलांचे ठसे. आठ दिवसांचे. आतल्या फळ्यांवर तर त्याने आत्ताच हात फिरवला होता.

घमेल्यातलं चुन्याचं पाणी तेवढं काठोकाठ होतं.

कोंडाबाई वाकली आणि डालगं उचलू लागली.

"बाई… तुळसा…" हेरंब म्हणाला. "तिची आई दोनदा येऊन गेली. मी तिला शुक्रवार सांगितलाय."

"मग तिला खरं काय ते सांगा." तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. "ह्या आठ जणी मी मरायला नाही वाढवल्या."

हेरंब बाबांकडे वळला. त्याचा चेहरा उतरला होता, पण सवय अजून सुटली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं! मग तुम्ही सांगितलं का नाही?"

बाबा उठले. घमेलं दोन्ही हातांनी उचलून, एक थेंब न सांडता, त्यांनी ते हेरंबच्या पायांपाशी आणून ठेवलं.

हेरंबने चपला काढल्या. एक पाय बुडवला. दुसरा बुडवला. मग वाकून दोन्ही हातही, मनगटांपर्यंत. वही काखेतून पडली, ती त्याने उचलली नाही.

"बाबा, आता मी मानतो…"

"मानू नकोस, बेटा," बाबा म्हणाले.

त्यांनी आवाराकडे जाऊन सुतळी तोडली आणि खुराड्याचं दार सताड उघडलं. सूर्य डोक्यावर येत होता.

"किती दिवस, कोंडाबाई?"

"महिना तरी. चुना मारा, आणि उघडं टाका. रोज ऊन दाखवा त्याला."

डालगं सावरून ती टेकडी उतरू लागली. पाच-सहा पावलं जाऊन थांबली, आणि मान न वळवता म्हणाली,

"आणि बाबा… ह्या सरांना बी दाखवा थोडं."