पेवातली हवा

“पेवातले दाणे जिवंत असतात, हे माझ्या दादाला कुणीच का सांगितलं नाही?” धाकटा उंदीर हे सगळ्यांना विचारत फिरला. माणसं जमिनीत खोल पेव खणून त्यात धान्य साठवायची, तेव्हाची ही गोष्ट.

त्या सकाळी माणसांनी पेवाचं झाकण काढलं आणि आत ताजी हवा जावी म्हणून ते तसंच उघडं ठेवून ती घरी गेली. दादाने लगेच आत उडी मारली आणि तो तिथेच मरून पडला.

धाकटा पेवाच्या तोंडाशी ओरडला, “ज्वारीबाई, काय केलंत त्याला?”

“आम्हालाही जगायचं असतं रे,” ज्वारी म्हणाली. “हवा घेऊन अंगातला साठा थोडा थोडा जाळतो, त्यावरच तग धरतो. चार महिन्यांत कामाची हवा संपली. जी उरली, तिच्यात कुणीच जगत नाही.”

बाभळीला टांगलेला कंदील म्हणाला, “म्हणून तर माणसं आधी मला आत सोडतात. मी विझलो की कुणी उतरत नाही.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं! दादा तुझ्याखालून गेला, तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?”

“उंदरांना सांगायचा रिवाज नाही.”

“जळो तुझा रिवाज!”

मागून दाण्यांच्या ओढीने उंदरांची झुंड आली. धाकटा त्यांना आडवा आला, चावला, त्याने त्यांना ओरबाडलं, पण एकालाही उतरू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी माणसांनी दोराने आत सोडलेला कंदील जळत राहिला. मग धाकटा त्याच दोरावरून खाली गेला आणि त्याने दादाच्या मिश्यांवरचा भुसा चाटून काढला.