विचारणारा स्विच

यंत्रं एकमेकांशी मोकळेपणी बोलत, त्या काळची गोष्ट. एका धरणाच्या कचेरीत एक म्हातारा प्रिंटर होता. धरणाच्या दरवाजांवरचा कॅमेरा दिवसभर पाण्याचं चित्र पाठवायचा आणि सगळ्या यंत्रांच्या तारा एकत्र जोडून निरोप इकडून तिकडे पोचवणारा जुना नेटवर्क स्विच ते सरसकट सगळ्यांच्या अंगावर ओतायचा. त्या लोंढ्यात प्रिंटरला धड एक पान छापता येईना.

मग नवा स्विच आला. "ज्याला चित्र हवं त्याने हाक मारावी," तो म्हणाला. भिंतीवरच्या पडद्याने हाक मारली आणि चित्र एकट्या त्याच्याकडे जाऊ लागलं.

"मानलं बुवा तुला!" प्रिंटर म्हणाला.

पण थोड्याच वेळात पडदा काळा पडला. बाहेर पाणी चढत होतं आणि कचेरीत कोणाला ते दिसत नव्हतं.

"अरे, चित्र कुठंय?" पडदा ओरडला.

"पुन्हा हाक आली नाही, म्हटलं आता नको असेल."

"मग विचारायचंस की!"

स्विच वरमला, पण रुसला नाही. तेव्हापासून तो स्वतःच थोड्या थोड्या वेळाने विचारू लागला, "चित्र कोणाला हवंय रे?" पडदा "मला!" म्हणायचा, पाणी दिसायचं, दरवाजे वेळेवर उघडायचे.

पुढे पडदाच कंटाळला. "सारखं काय तेच तेच विचारतोस?"

"विचारू दे रे त्याला," प्रिंटर म्हणाला. "आजवर सगळ्यांनी माझ्यावर नुसतं ओतलं. हवंय का, असं विचारणारा हा पहिलाच."