सावळाईनं घडी मोडली

ए, गप पडा आता. तुमची आजी लेकीकडं गेलीया, म्हनून गोष्ट मला सांगाय लागतीया. मधी कोन बोललं तर तिथंच बंद करीन, बरं का.

एक व्हती नदी. राजा-बिजा कोन न्हाई ह्या गोष्टीत, नदीच. नाव सावळाई. आपलीच ही. आता तुम्ही तिच्यात म्हशी धुता, गुडघ्याला पानी लागत न्हाई. पर तवा ती केवढी! ह्या डोंगरापासनं त्या डोंगरापातुर नुसतं पानीच. एवढी दरी तिनंच कोरली, दोन्हीकडं कोपरं मारून मारून. खाली शेत न्हाई, वाट न्हाई. मानसं वर कड्याला चिकटून ऱ्हायची, गोचडीवानी.

मग पल्याडच्या कड्यावरची एक पोरगी अल्याड नांदाय आली. तिचं नाव गोजरा. ती ज्या नावंतनं आली ती नाव माघारी जाताना फुटली. मानसं पवून वाचली, पर फुडं कोन नाव घालंना. सासरी ना सासू, ना ननंद, ना जाऊ. म्हातारा सासरा, नवरा आन् दोन शेळ्या. बोलायचं कुनाशी? मग गोजरा पान्याला जायची आन् नदीशीच बोलत बसायची. "आज भाकरी करपली गं बाई." "शेळी व्याली गं, दोन करडं झाली." आन् पल्याड बघायची. आयच्या चुलीचा धूर दिसला की म्हनायची, चला, म्हातारी धड हाय.

एक दिस धूर न्हाई. दुसऱ्या दिशीबी न्हाई. तिसऱ्या दिशी गोजरानं घर डोक्यावर घेतलं. "माजी आय तिकडं एकली हाय! मला पल्याड न्या!"

गावचा कारभारी व्हता रावजी. मोठ्या मिशांचा. तो म्हनला, "थांब पोरी, नदीला नारळ देतो, वाट सोडंल." नारळ टाकला. नदीनं तोच नारळ माघारी टोलावला, नीट रावजीच्या टकुऱ्यावर. हसू नका रं, टेंगूळ आलं बिचाऱ्याला.

मग रावजी म्हनला, "हिची वटी भरू. लुगडं पायजे तर मोठं पायजे." गावातली समदी लुगडी गोळा केली. एकाला एक शिवली. बाया घरात गोधड्या गुंडाळून बसल्या. ते लुगडं ह्या कड्यापासनं त्या माळापातुर झालं. वाजत-गाजत नदीला दिलं. नदी म्हनली, "हे? हे तर माझ्या करंगळीला पुरंना. आन् भ्यालात म्हनून देताय व्हय मला? चला, व्हा माघारी!" आन् अशी उसळी मारली, की लुगडी गेली झाडावर आन् रावजी गेला चिखलात.

बाया रावजीला काय बोलल्या ते मी सांगत न्हाई. तुम्ही बारकी हायसा.

मग गोजरा उठली. घरात गेली. तिच्या पेटीत एक लुगडं व्हतं, हिरवंगार, आयनं लगनात दिलेलं. अजून घडी तशीच, म्हनून रावजीलाबी दिलं नव्हतं. का? तर आपल्यात नवं लुगडं आधी आपन नेसत न्हाई. जी जिवाभावाची असंल तिला द्यायचं. तिनं एक डाव नेसून घडी मोडायची, मग आपन. आन् गोजराला तर सासरी बाईमानूसच न्हाई. मग घडी मोडनार कोन?

ते लुगडं घेऊन गोजरा काठावर आली. म्हनली, "सावळाबाई, ही वटी न्हाई. हे लुगडं माजं हाय, माघारी द्यायचं. घडी मोडाय आनलंय तुज्याकडं."

नदी काठाला सरकली. म्हनली, "मी कोन गं तुजी?"

गोजरा म्हनली, "तुज्याबिगर कोन हाय मला हितं? भाकरी करपल्याली कुनाला सांगते मी?"

नदीला आजवर नारळ लई आले, वट्या लई आल्या. घडी मोडाय कुनी दिलं नव्हतं. तिनं लुगडं बघितलं. मग सोताला बघितलं, ह्या डोंगरापासनं त्या डोंगरापातुर. म्हनली, "अगं पर मावायची कशी मी?"

मग तिनं काय केलं! एक ओंजळ घाटावरनं खाली कोकनात फेकली. तिथं एक वढा तान्हेला व्हता, त्येला म्हनली, "घे रं." दुसरी ओंजळ फेकली उगवतीला. तिसरी फेकली पार डोंगराच्या पलीकडं, धाकट्या भनीला. दर ओंजळीला नदी बारीक व्हत गेली. बारीक, बारीक. बरोबर लुगड्यात बसंल येवढी झाली. मग नेसली, काष्टा घातला, आन् दरीच्या मधनं अशी ठुमकत निघाली!

गोजरा धावत पल्याड गेली. बघते तर आय वट्यावर बसल्याली, गुडघा सुजलेला, चूल इझलेली. इस्तव मागाय शेजारी जाता येईना, म्हनून तवापासनं गूळ-शेंगदान्यावर. लेकीला बघून काय म्हनली? "आलीस व्हय! आन् हात हलवत?"

गोजरानं शेजारनं इस्तव आनला. चूल पेटवली. भाकरी केली. करपलीच ती. धूर बघून अल्याड गोजराचा नवरा नाचाय लागला.

परतताना नदीनं लुगडं माघारी दिलं. "नेस आता." गोजरा म्हनली, "आन् तू? परत फुगनार का?" नदी म्हनली, "दिल्यालं पानी माघारी मागू व्हय? तसली न्हाई मी. आन् हलकं लई वाटतंय गं."

म्हनून दरी येवढी आन् नदी येवढीशी. ह्या बाळ्याच्या अंगात थोरल्याचा सदरा हाय का न्हाई, तसं. मोकळ्या जागंत मानसांनी शेतं केली. रावजीचं टेंगूळबी बसलं.

आता परवा आजी निघाली, तवा तिनं हातातलं नवं लुगडं नदीत बुडवलं. मी वरडलो, "आगं, वल्लं करतीस व्हय?" तर म्हनली, "घडी मोडाय दिलंय." आन् गेली अंगावरचं लुगडं वर न धरता, रमतगमत पल्याड, लेकीकडं.

उद्या त्याच वाटंनं येतीया. तवर ती तिकडं सुखानं, आपन हितं सुखानं. मिटा डोळं. ए बाळ्या, मिट म्हनलं ना!