ब्रेंडेलच्या लग्नाचा अर्ज

"मग माझ्या युक्तिवादात चूक कुठे झाली, रब्बी?"

अन्शेलने अर्जाची अकरा पानं मेजावर आपटली. कचेरीतून तिसऱ्यांदा नकार आला होता.

रब्बी सुसमान म्हणजे वाइडेनफुर्ट गावातल्या ज्यूंचे गुरुजी. वय एकाहत्तर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अन्शेल त्यांचा सर्वांत हुशार शिष्य, आणि हे अन्शेललाही ठाऊक होतं.

त्या काळी बव्हेरियात सरकारचा नियम होता. या गावात ज्यूंची सतरा घरं. अठरावं होऊ द्यायचं नाही. प्रत्येक घराला एक क्रमांक. घर बुडालं किंवा गाव सोडून गेलं, तरच तो मोकळा व्हायचा. क्रमांक नाही त्याला लग्नाची परवानगी नाही.

अन्शेल चौतीस वर्षांचा होता. ब्रेंडेलशी त्याचं लग्न ठरून नऊ वर्षं झाली होती.

रब्बींनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"जर्मन फार सुंदर लिहिलं आहेस."

"कायद्याचे दाखले आहेत. तत्त्वज्ञांचे आहेत. असा अर्ज त्या कचेरीत आजवर कुणी दिला नसेल!"

"खरंय... यात ब्रेंडेलचं नाव कुठे आहे?"

अन्शेलने पानं चाळली. पुन्हा चाळली.

...

दुसऱ्या दिवशी सकाळी रब्बींनी बूट चढवले, काठी घेतली आणि कचेरीची वाट धरली. जायला तीन तास, यायला तीन तास.

परतले ते शिक्का मारलेला कागद घेऊनच.

"परवानगी?" अन्शेलचा डोळ्यांवर विश्वास बसेना. "काय युक्तिवाद केलात?"

"काहीच नाही. म्हणालो, माझ्या क्रमांकापुढचं माझं नाव खोडा आणि तिथे याचं लिहा."

"आणि तुम्ही?"

"नदीपलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख. तिथे माझी बहीण आहे. सोमवारी निघेन."

अन्शेलचा चेहरा लाल झाला.

"तुमचं घर मोडून मी माझं मांडू? मला नको हा कागद. मी माझ्या विद्येच्या बळावर मिळवीन. चौथा अर्ज..."

"मला हवाय."

दारात ब्रेंडेल उभी होती.

"नऊ उन्हाळे मी लग्नासाठी जमवलेल्या त्याच चादरी धुऊन, वाळवून, पुन्हा पेटीत ठेवतेय, अन्शेल. रब्बी आपलं गाव देताहेत. तुला तुझा हट्टसुद्धा देता येत नाही?"



मग अन्शेलने दोन्ही हात पुढे केले.

रब्बींनी कागद त्याच्या हातांवर ठेवला.

पाच आठवड्यांनी भर दुपारी लग्न लागलं. गावातल्या ज्यूंमधलं सात वर्षांतलं पहिलं. रब्बी होडीने आले. चौकीवर त्यांना परका ज्यू म्हणून दिवसापुरता परवाना घ्यावा लागला. चाळीस वर्षं त्यांना ओळखणारा शिपाई तो लिहिताना मान वर करीना.

सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, अंगणात चार खांबांवर लग्नाचं छत ताणलं होतं. सतरा घरांतलं एकही माणूस घरात थांबलं नव्हतं. रब्बींनी आशीर्वाद म्हटले. अन्शेलने रिवाजाप्रमाणे टाचेखाली काचेचा पेला फोडला आणि अंगणातून असा एक गजर उठला, की बाजारातले शेतकरी माना वळवून पाहू लागले. ब्रेंडेल रडत होती आणि हसत होती. व्हायोलिन वाजू लागलं. तरुणांनी रब्बींना खुर्चीसकट डोक्यावर उचललं.

उन्हं कलली तशी रब्बी हळूच निघाले. परवान्याची वेळ संपत आली होती.

अन्शेल धावत नदीवर पोचला, लग्नाच्या कपड्यांतच.

"रब्बी! चाळीस वर्षं तुम्ही या गावाला शिकवलंत. आणि आज या गावात तुमचं नाव कुठेच उरलं नाही... हे मी मनाला कसं पटवू?"

रब्बींनी होडीत पाय ठेवला.

वर अंगणातलं गाणं मध्येच थांबलं. मग हाका येऊ लागल्या. आधी एक, मग दहा, मग सगळ्या सतरा घरांच्या... अन्शेल! अन्शेल!

रब्बी कान देऊन ऐकत राहिले. मग हसू लागले. इतके, की होडी हलायला लागली.

"पळ, वेड्या," ते म्हणाले. "नवरदेवावाचून नाच अडलाय."