केळीची राख

“कफनी पांढरी पडली कशानं?” हेच प्रत्येकाला ऐकायचं असतं. कपभर चहा पाजायचा, बसवून ठेवायचं आणि तेच तेच वदवून घ्यायचं. तोंड दुखून येतं. बरं, एकदाचं सांगून टाकू. यातला राख देणारा नथू म्हणजे हा सांगणाराच, एवढं आधी कळलेलं बरं.

तापीकाठी गुलाबगीर बाबांचा मठ होता. मठात साबणाची वडी चालायची नाही. राखेच्या पाण्यात कपडे बुडवायचे, मग रिठ्याच्या फेसात चोळायचे. राख नथूच्या मळ्यातली. घड उतरले की तो केळीची खोडं वाळवायचा, जाळायचा आणि पाटी भरून मठात नेऊन टाकायचा.

बाबांचा एक शिष्य होता, भास्कर. हुशार, देखणा, आणि स्वच्छतेचा एवढा सोस की कुणाची सावली धोतरावर पडली तरी झटकेल. ही गोष्ट घडली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची दीक्षा होती. मठाची रीत अशी, की दीक्षा घेणाऱ्यानं बाबांची जुनी, गेरूनं रंगवलेली कफनी आपल्या हातानं धुवायची आणि तीच अंगावर घालायची.

नथूनं भास्करपुढं पाटी उतरवली.

“जपून रे. ही केळीची राख आहे, लाकडाची नाही. मूठभर घाल, निवळू दे, वरचं पाणी तेवढं घे.”

“आता तू मला कपडे धुवायला शिकवणार?”

“नको शिकू. मला काय!”

नथू तंबाखू चोळत पायरीवर बसला.

भास्करनं अर्धी पाटी घंगाळात उलटी केली, ढवळलं आणि त्या गढूळ पाण्यातच कफनी बुडवली. धुतली. स्वच्छ निघाली. उन्हात धरून पाहिली... पुन्हा बुडवली. मग आणखी एकदा.

संध्याकाळी दोरीवर कफनी होती, पण पिठासारखी पांढरी. गेरूचा सगळा रंग घंगाळात उतरलेला. सूत इतकं विरलेलं, की पलीकडची नदी दिसत होती.

मठ गोळा झाला. भास्करनं नथूकडे बोट केलं.

“यानं केलं! राखेत काहीतरी कालवलं. मला कफनी मिळू नये म्हणून.”

सगळ्यांच्या माना नथूकडे वळल्या. इतकी वर्षं तो राख आणत होता, अशा नजरेनं कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. शिवी ओठांवर आली. बाबा समोर बसलेले, म्हणून गिळली.

बाबा उठले. घंगाळात दोन बोटं बुडवली, एकमेकांवर चोळली.

“बुळबुळीत लागतंय. भास्कर, पहिल्या खेपेला मळ निघाला होता?”

“निघाला होता, बाबा.”

“सगळा?”

“सगळा.”

“मग पुन्हा कशाला बुडवलीस?”

“उद्या अख्खं गाव बघायला येणार होतं.”

बाबांनी बोटं पंचाला पुसली.

“राख मळातलं तेल खाते. मळ संपतो... तिची भूक संपत नाही.”

त्यांनी दोरीवरची कफनी काढली, हळूच घडी घातली आणि भास्करच्या हातात दिली.

“उद्या हीच घाल.”

“पण बाबा, हिला रंग कुठं आहे?”

“नथूकडे आहे. मागून आण.”

नथू चपापला. त्याच्या घरी गेरूचा खडासुद्धा नव्हता.

भास्कर हसला. “याच्याकडे कुठला गेरू? याच्याकडे नुसती राख.”

“मग राख माग,” बाबा म्हणाले. “पण माग.”

...

सकाळी कफनी ओट्यावर तशीच होती, घडी न मोडलेली. भास्कर रातोरात मठ सोडून गेला होता. राख मागायला नथूच्या दारात आजवर यायचा राहिलेला माणूस म्हणजे हाच भास्कर, भास्कर सुपडू महाजन.