हलवायाने घरासोबत घेतलेला पहिलवान

फार नाही, पण बऱ्यापैकी पूर्वी एका गावात एक हलवाई होता. त्याची जिलेबी फेमस, आणि त्याहून फेमस त्याचा ताठा. त्याने गल्लीतलं आपलं एकुलतं एक दुकान विकलं आणि भर चौकातलं घर घ्यायला निघाला.

त्या गावची पद्धत अशी, की खरेदीखत पारावर सगळ्यांसमोर वाचायचं. लेखनिक एक ओळ वाचणार, घेणारा 'हूं' म्हणणार. शेवटच्या हूंनंतर अंगठा. मग राजा आला तरी व्यवहार मोडत नाही.

लेखनिकाने सुरुवात केली. "पूर्वेस रस्ता."

"हूं."

"पश्चिमेस विहीर."

"हूं."

"सदर मिळकत लिहून देणाराच्या चुलत्याच्या तहहयात वहिवाटीस अधीन राहून."

हलवायाचा हूं घशातच अडकला. तहहयात काय? वहिवाट काय? खायचं की प्यायचं? घर विकणारा त्याच्याकडे टक लावून बघत होता, पापणी हलेना.

"काय शेठ, गाडी अडली का?" पारावरचा एकजण गालात हसला.

समोर त्याला रोज शेठ म्हणणारी पन्नास माणसं बसलेली. विचारावं तर इज्जत जाणार. न विचारावं तर काय जाणार, तेच कळेना.

लेखनिक बिचारा भला माणूस. हळूच म्हणाला, "समजावून सांगू का?"

"मला?" हलवाई म्हणाला. "असले शब्द आमच्याकडे नाश्त्याला असतात. हूं. वाचा पुढे."

अंगठा उठला. विकणाऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की शाई जागेवर वाळली.

दुसऱ्या दिवशी हलवाई डोक्यावर कढई घेऊन नव्या घरात शिरला. मधल्या खोलीत लंगोट लावलेला एक पहिलवान जोर काढत होता. हलवाई घर बघायला आला होता तेव्हा हा गडी परगावी कुस्तीला गेलेला.

"कोण रे तू?"

"जुन्या मालकाचा चुलता," पहिलवान उठून उभा राहिला, छताला टेकेल एवढा. "मरेपर्यंत हे घर वापरायचा माझा हक्क आहे. काल तूच कबूल केलंस की."

हलवायाने डोक्यावरची कढई हळूच खाली ठेवली. "वय काय म्हणायचं तुमचं?"

"पंचेचाळीस. आमच्यात नव्वदीच्या आत कोणी जात नाही. आणि ती कढई बाहेर ने, मला धुराने ठसका लागतो."

तेव्हापासून हलवाई स्वतःच्याच घरासमोर रस्त्यावर, उन्हात जिलेबी तळतो. आतून रोज आवाज येतो, "शेठ, दोन गरम द्या."

तात्पर्य: कागदावरचा शब्द कळला नाही, तर अंगठ्याआधी तोंड उघडावं.