सगुणचं मागून घेतलेलं वर्ष

गाव शहाण्यांनी भरलेलं होतं. त्यात एकच भोळा होता. त्याचं नाव सगुण.

सगुण बारावी झाला. बारावीनंतर मुलानं काय करायचं, हे मुलगा सोडून सगळ्यांना माहीत असतं. सगुणच्या बाबांनाही माहीत होतं. मामाचा काजूचा कारखाना होता. तिथं दिवसभर काजू सोलायचे, संध्याकाळी काळे हात घेऊन घरी यायचं, आणि लोकांनी म्हणायचं, पोरगा मार्गाला लागला.

सगुणला मार्गाला लागायचं नव्हतं. त्याला लाकडाची फळं करायची होती. गावात नाना चितारी होते. नानांनी लाकडाचा आंबा केला की त्यावर माश्या बसायच्या. सगुण लहानपणापासून त्यांच्या पडवीत उभा राहून बघायचा. आंबा बघायचा, माश्याही बघायचा.

"बाबा, मला एक वर्ष द्या," तो म्हणाला. "नानांकडे शिकतो."

"वर्ष म्हणजे काय केळं आहे, सोललं आणि दिलं?"

"एकच द्या."

आई मध्ये पडली. बाबा थोडे खाली आले. म्हणाले, "ठीक. पुढच्या मे महिन्यापर्यंत. तोवर या कामासाठी तुला कुणी आपणहून बोलावलं, तर मी आडवा येणार नाही. नाही बोलावलं, तर कारखाना. आणि एक ऐक. मोकळ्या वर्षात माणूस बिघडतो. शिस्त ठेव. हाती घेशील ते पुरं करूनच उठ."

"बरं," सगुण म्हणाला.

आता हे 'बरं' नीट ऐकून ठेवा. गावातले लोक बरं म्हणायचे आणि विसरून जायचे, म्हणून ते शहाणे. सगुण बरं म्हणाला की तसं करायचाच.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आत नानांच्या पडवीत हजर. नानांनी त्याच्या हातात काचपेपर दिला. "हे बघ, लाकडावर हात फिरवायचा. खरखर लागली की घासायचं. खरखर गेली की काम झालं."

नाना बाजाराला गेले. सगुणनं इकडंतिकडं बघितलं. समोर एक लाकडी फणस होता. त्यानं हात फिरवला. अरे बापरे! एवढी खरखर त्यानं जन्मात बघितली नव्हती.

तो घासायला बसला. दुपारी नानी जेवायला बोलवायला आली.

"उठ रे, भात निवतोय."

"पुरं करूनच उठणार."

संध्याकाळी नाना आले. सगुण घामानं भिजला होता आणि हसत होता.

"नाना, झालं बघा. आता कुठंही खरखर नाही."

नानांनी बघितलं. त्यांनी आठवडाभर बसून पटाशीनं फणसाचा एकेक काटा कोरला होता. आता समोर दुधी भोपळा होता.

नानांनी काचपेपर त्याच्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, "पोरा, एका दिवसात एवढं घासतात का? काम रोज थोडं करावं. आज थोडं, उद्या थोडं. एका दमात करायला गेलं की असा सत्यानाश होतो."

"चुकलं," सगुण म्हणाला. "आता कळलं. आज थोडं, उद्या थोडं. बरं."

त्या रविवारी काकांची कळशी विहिरीत पडली. काका कमरेला दोर बांधून खाली उतरले. वर सगुण. काकांनी कळशी काढली आणि ओरडले, "हं, ओढ!"

सगुणनं ओढलं. काका पाण्याच्या वर आले. सगुणनं दोर माडाला गुंडाळला, चांगली गाठ मारली आणि विहिरीत डोकावला.

"येतो हं, काका."

"येतो? कुठं येतो? ओढ की!"

"आजचं झालं. उरलेलं उद्या."

"उद्या? अरे, उद्या?"

"उद्या निम्मे याल, परवा काठाला लागाल. एका दमात ओढलं तर सत्यानाश होतो, काका."

आणि तो निघाला. काका ना पाण्यात ना काठावर, कळशी पोटाशी धरून लोंबकळत राहिले. पाण्याला बायका आल्या तेव्हा विहिरीतून शिव्या येत होत्या. त्या आधी घाबरल्या. मग शिव्यांवरून त्यांनी काकांना ओळखलं आणि वर काढलं.

काकांनी ओल्या धोतरानंच सगुणला गाठलं. "गाढवा! अडकलेलं दिसलं की हिशेब करत बसायचं नाही. जोर लावायचा आणि एका झटक्यात बाहेर काढायचं! कळलं?"

"कळलं. अडकलेलं दिसलं की झटक्यात बाहेर. बरं, काका."

सोमवारी नानांच्या पाटावर एक लाकडी डाळिंब होतं. अर्धं फोडलेलं दिसेल असं. आत एकेक दाणा वेगळा कोरून, लाल रंगवून, सरसानं बसवलेला. नानांच्या डोळ्याला पाणी आणणारं काम. नाना आतून चहा घेऊन येईपर्यंत सगुणनं ते पालथं धरलं होतं आणि ठोकत होता.

"अरे, अरे, अरे!"

"नाना, बरं झालं आलात. केवढे दाणे अडकले होते! निम्मे निघाले, पण कोपऱ्यातले दोन फार चिवट आहेत. जरा धरता?"

नानांनी चहा खाली ठेवला. कप ठेवला, मग स्वतःही बसले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"काकांनी."

"फणसाच्या वेळी?"

"बाबांनी. आणि तुम्ही."

"म्हणजे सगळं दुसऱ्यांचंच! यात तुझं स्वतःचं काय? अरे, प्रत्येक कामात आपलं काहीतरी घालावं. दुसऱ्यानं सांगितलं तस्संच केलं, तर तू कशाला हवास?"

हे मात्र सगुणच्या काळजाला लागलं. त्या दिवसापासून तो सकाळी नानांचं काम करायचा आणि दुपारी कोपऱ्यात बसून स्वतःचं. सगळे पेरू करतात, तसा पेरू त्याला करायचा नव्हता. पोपटानं टोचून टाकलेला पेरू तो करायला लागला. दुपारभर झाडाखाली बसून पोपट कुठून टोचतो ते बघायचा. एक दिवस नुसतं बघण्यात जायचा. कुणी बस म्हणून सांगावं लागायचं नाही, आणि कुणी ऊठ म्हटलं तरी ऐकू जायचं नाही. लोक शिस्त शिस्त म्हणतात ती हीच असते. पण ती बाहेरून दिसत नाही. म्हणून गाव म्हणायचं, पोरगा पोपट बघत बसलाय.

इथवर सगळं छान होतं. पण नानांना नातू झाला आणि बारसं ठरलं. नाना म्हणाले, "सगुणा, गावात आमंत्रणं करून ये. रविवारी संध्याकाळी बारसं, जेवायलाच या, एवढं सांग."

पहिल्या घरी सगुणनं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या घरी जाताना त्याला वाटलं, यात आपलं काय? म्हणून तिथं त्यानं शुक्रवार सांगितला. पुढं शनिवारची दुपार. पुढं सोमवारची पहाट, कारण पहाट त्याला आवडायची. जोशांकडे पोचेपर्यंत हात चांगलाच बसला होता. तिथं त्यानं बारशाऐवजी मुंज सांगितली. बारसं काय, कुणीही सांगतं.

शुक्रवारपासून नानांच्या दारात माणसं. आलेल्याला उपाशी पाठवता येत नाही. नानी चुलीपासून उठली नाही. जोशी मुंजीचा आहेर घेऊन आले आणि पाळण्यात वाकून म्हणाले, "बटू जरा लहान नाही वाटत?"

बातमी सगुणच्या घरी गेली. आईनं कपाळाला हात लावला. "बाळा, आपलं काही घालायचं ते लाकडात घाल. माणसांत नको. आता रविवारी बारशाला जाशील, तिथं डोकं चालवू नकोस. देतील ते घे आणि सरळ घरी ये."

"देतील ते घ्यायचं, सरळ घरी. बरं."

रविवारी बारसं झकास जमलं. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, म्हणत बाळ या हातातून त्या हातात फिरायला लागलं. सगुण घुगऱ्यांचं पातेलं घेऊन रांगेच्या टोकाला उभा होता. टोकाची बाई पाळणा सजवणारीशी बोलत होती. तिनं न बघताच बाळ पुढं केलं आणि म्हणाली, "घ्या."

सगुणनं पातेलं खाली ठेवलं. घेतलं. आणि सरळ घरी गेला.

आई दारात आली. "एवढ्यात आलास? आणि हातात काय?"

"बाळ."

"कुणाचं?"

"बारशात दिलं."

तेवढ्यात रस्त्यावरून आरडाओरडा आला. पुढं बाळाची आई, मागं सगळ्या बायका, त्यांच्या मागं जोशी. बाळ मात्र मजेत होतं. सगुणच्या शर्टाचं बटण चोखत होतं.

सगळे गेल्यावर आईनं सगुणला समोर बसवलं. "अरे, कुणी काही दिलं की लगेच घेतात का? हावरट दिसतं ते. आधी नको म्हणावं. पुन्हा विचारलं, तरी नको म्हणावं. तिसऱ्यांदा आग्रह झाला, तरच घ्यावं. चांगल्या घरची माणसं असंच करतात."

"तिसऱ्यांदा घ्यायचं. बरं."

आणि गंमत बघा, हे त्याला चांगलं जमलं. नानीनं शिरा पुढं केला. नको. अरे, घे. नको. घे म्हणते ना! मग त्यानं घेतला. नानी नानांना म्हणाली, "सुधारला हो पोरगा." काकांनी विडा दिला, तिथंही तसंच. गावात बोलणं झालं, वर्ष काही फुकट नाही गेलं.

मे महिना संपत आला. पेरू पुरा झाला. वर हिरवा, खाली पिवळा, आणि एका बाजूला टोचलेलं, आत गुलाबी, कडेला चोचीची खूण. सगुणनं तो पडवीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला. एक पोपट येऊन त्यावर चोच मारून गेला. सगुणला त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी शहरातल्या कलाशाळेचे एक सर नानांकडे आले. बाहेर रिक्षा थांबलेली, रिक्षावाला हॉर्न मारतोय. नाना आत त्यांच्यासाठी आंबे बांधत होते. सरांनी कट्ट्यावरचा पेरू उचलला, फेकायला म्हणून. आणि हात तसाच राहिला.

"हा लाकडाचा आहे? कुणी केला?"

"मी."

सरांनी पेरूकडे बघितलं, सगुणकडे बघितलं, पुन्हा पेरूकडे. "माझ्याकडे येतोस शिकायला? राहण्याजेवण्याची सोय मी बघतो."

सगुणच्या छातीत ढोल वाजायला लागले. वर्षभर तो याच एका वाक्यासाठी उजाडायच्या आत उठला होता. पण तो आता चांगल्या घरचा मुलगा होता. मान खाली घालून तो म्हणाला, "नको."

"बरं," सर म्हणाले. ते शहरातले होते. त्यांनी पेरू खाली ठेवला आणि रिक्षात जाऊन बसले.

नाना आंबे घेऊन बाहेर आले. "अरे, सर कुठं गेले?"

"येतील आता. मला शिकायला बोलावलं त्यांनी. मी नको म्हटलंय. अजून दोनदा विचारायचं राहिलंय त्यांचं."

नाना आंब्यांसकट रस्त्याकडे धावले. रस्त्यावर धूळ होती आणि समोरून बाबा येत होते. वर्ष संपलं होतं ना.

नानांनी धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांनी डोक्याला हात लावला. मग ते कट्ट्यापाशी आले. पेरू हातात घेऊन त्यांनी टोचलेल्या जागी बोट घातलं. बराच वेळ घालून ठेवलं.

"बोलावणं तर आलं," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय, तो मोडणार नाही."

"माझ्याकडे सरांचा नंबर आहे," नाना म्हणाले. "आत्ता लावतो. फक्त पोराच्या मनात काय आहे ते एकदा पक्कं करा. पुन्हा तोंडावर पाडायचा मला."

बाबांनी सगुणला जवळ बसवलं. पहिल्यांदाच असं बसवलं. "सरांना तू नको म्हणालास. मग मामाच्या कारखान्यात जातोस का?"

"नको," सगुण म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

बाबा हसले. नानांनी फोन कानाला लावला.

"बघ हं. मामा जागा धरून बसलाय. नंतर म्हणशील, कुणी विचारलं नाही. जातोस कारखान्यात?"

"नको."

"नाना, घंटी वाजतेय?"

"वाजतेय, वाजतेय."

"मग शेवटचं विचारतो, बाळा," बाबा म्हणाले, आणि त्यांनी सगुणच्या पाठीवर हात ठेवला. "जातोस का कारखान्यात?"

सगुणनं बाबांकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. सर एकदा विचारून निघून गेले होते. आणि इथं बाबा तिसऱ्यांदा विचारत होते, तेही पाठीवर हात ठेवून.

"बाबा," तो म्हणाला, "एवढा आग्रह करताय, तर आता मोडवत नाही. जातो."